घरच्या इंटरनेट फोनचे कॉल भलतीकडे जातात आणि व्हॉइसमेलचा कोड चालत नाही, तेव्हा काय बघायचं

ताई, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो म्हणजे दुसऱ्या कुणाला असाच त्रास असेल तर त्यालाही कळेल. पाचोऱ्याला आई-आबा दोघंच राहतात, तुम्ही पुण्यात, भाऊ न्यू जर्सीत. घरी केबलवाल्याचं फायबर इंटरनेट आहे, त्याच्या मागे फोनसाठी दुसऱ्या कंपनीने दिलेला छोटा डबा म्हणजे अडॅप्टर (तुम्ही लिहिलंय ग्रँडस्ट्रीमच्या एचटी मालिकेतला आहे), आणि त्यात आबांचा जुना बटणांचा फोन लावलाय. आता होतंय असं की कधी कॉल भुसावळच्या मामेभावाच्या मोबाईलवर जातो, कधी आई गच्चीवरून खाली येईपर्यंत इंग्लिश बाई बोलायला लागते की मेसेज ठेवा, आणि तो मेसेज ऐकायला भावाने सांगितलेला स्टार ९८ दाबला तर कधी काहीच होत नाही, कधी पासवर्ड चुकीचा म्हणते. कंपनीच्या ॲपमध्ये तुम्ही फॉरवर्डिंग बंद केलंय तरी कॉल भुसावळला जाऊनच राहिलेत.

मी जळगाव-धुळ्याकडे फोनच्या लाईनी दुरुस्त करतो, आधी तांब्याच्या आणि आता हे सगळं इंटरनेटवरचं, आणि अशा केसमध्ये पहिली गोष्ट एकच सांगतो की कोड दाबणं थांबवा. इंटरनेट फोनमध्ये कॉल कुठे वळवायचा याची सेटिंग एका जागी नसते, ती चार जागी असू शकते. कंपनीच्या सर्व्हरवर, घरातल्या डब्यात, स्वतः फोनच्या यंत्रात (कॉर्डलेसमध्ये आन्सरिंग मशीन असतं ना, ते), आणि ज्या मोबाईलवर कॉल वळवलाय त्या मोबाईलच्या कंपनीकडे. या चारपैकी कोण कॉल पळवून नेतंय हे कळल्याशिवाय दाबलेला प्रत्येक कोड पाचवी गुंतागुंत करून ठेवतो, आणि मग खरंच कुणाला सापडत नाही.

तुमच्या भावाने काय केलं असेल ते मला जवळपास दिसतंय. अमेरिकेत घरगुती फोनवर स्टार ७२ दाबून नंबर टाकला की कॉल फॉरवर्ड होतो आणि स्टार ७३ ने बंद होतो, तिकडे हे वर्षानुवर्षं चालत आलंय. त्याने व्हिडिओ कॉलवर आबांना सांगितलं असेल की स्टार ७२ दाबा आणि मामेभावाचा नंबर टाका. आता गंमत बघा, नाही, गंमत नाही, खरी मेख इथेच आहे : या डब्याला स्वतःचे कोड असतात. स्टार ७२ म्हणजे सगळे कॉल वळवा, स्टार ७३ म्हणजे ते रद्द, स्टार ९० लाईन बिझी असताना वळवा, स्टार ९१ ते रद्द, स्टार ९२ उचललं नाही तर वळवा, स्टार ९३ ते रद्द, स्टार ७८ म्हणजे डू नॉट डिस्टर्ब चालू आणि स्टार ७९ म्हणजे बंद. हे कोड कंपनीपर्यंत जातच नाहीत, डबा ते मधेच खातो आणि स्वतःच्या पोटात सेटिंग ठेवतो. पुढे कॉल आला की कंपनीचा सर्व्हर डब्याला विचारतो, कॉल आलाय घेतो का, आणि डबा उत्तर देतो की माझ्याकडे नको, या नंबरला पाठव. कंपनीच्या ॲपमध्ये फॉरवर्डिंग बंदच दिसणार कारण कंपनीकडे ते कधी चालू झालंच नाही. कस्टमर केअरवाला पण खरं बोलतोय, त्याच्या स्क्रीनवर सगळं कोरंच असतं.

याची खात्री करायला एक सोपी परीक्षा आहे आणि त्याला कुठलाच कोड लागत नाही. आबांना सांगा अडॅप्टरची पिन भिंतीतून काढून ठेवा, फक्त त्या छोट्या डब्याची, फायबरच्या डब्याची नाही. मग तुम्ही पुण्याहून घरच्या नंबरवर फोन करा. डबा मेलेला असताना सुद्धा कॉल भुसावळला गेला तर सेटिंग कंपनीकडे आहे, तिथे भांडा. आणि कॉल भुसावळला न जाता थोडा वेळ शांतता आणि मग इंग्लिश बाई आली, तर फॉरवर्डिंग डब्यातच होतं. ती शांतता अर्ध्या मिनिटाची असू शकते, घाबरू नका. सर्व्हरला वाटत असतं की डबा अजून जिवंत आहे, तो हाका मारत राहतो, आणि एसआयपी नावाच्या ज्या पद्धतीवर हे सगळं चालतं तिच्यात हाक सोडून द्यायची ठरलेली वेळ ३२ सेकंद आहे. डबा सर्व्हरला मधूनमधून 'मी चालू आहे' असं कळवतो ती हजेरी बऱ्याच डब्यांची तासभराची म्हणजे ३६०० सेकंदांची असते, ती संपली की मग शांतता न येता थेट बाईच येते.

डब्यातच आहे असं निघालं तर पिन परत लावा, दिवे स्थिर होऊ द्या, फोन उचलून स्टार ७३ दाबा, टोन ऐका, ठेवा. मग स्टार ९१ आणि स्टार ९३ पण करून टाका, आणि स्टार ७९ पण, कारण डू नॉट डिस्टर्ब चुकून चालू झालेला असला तर फोन वाजतच नाही आणि सगळे म्हणतात लाईन खराब आहे. माझा अंदाज आहे भुसावळचा प्रश्न इथेच मिटेल.

एक लक्षात घ्या, हे कोड या डब्याचे आहेत. शेजारच्यांकडे थेट फायबरच्या डब्यातूनच फोनची वायर निघत असेल, मोठ्या कंपन्यांचं तसंच असतं, तर त्यांना यातला एकही कोड लागू असेलच असं नाही. आणि मोबाईलचे कोड तिसरेच. मोबाईलवर स्टार स्टार २१ ने सगळे कॉल वळतात, स्टार स्टार ६१ ने न उचललेले, ६२ ने रेंजमध्ये नसतानाचे, ६७ ने बिझी असतानाचे, आणि हॅश हॅश ००२ हॅश ने सगळं एकदम रद्द होतं. हे मोबाईलचे कोड घरच्या फोनवर दाबायला जाऊ नका, कारण अशा अडॅप्टरमध्ये हॅशचं बटण बहुतेक वेळा 'आता लावा' या अर्थाने ठेवलेलं असतं. तुम्ही हॅश दाबला की तोवर जे दाबलंय तेवढंच घेऊन डबा कॉल लावून टाकतो, पुढचे आकडे गेलेच नाहीत. लोक मला म्हणतात भो कोड बरोबर दाबला पण नंबर अस्तित्वात नाही म्हणते. कोड बरोबरच असतो, तो अर्धाच गेलेला असतो.

आता स्टार ९८ बद्दल. ॲस्टरिस्क नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे ज्याच्यावर अनेक छोट्या इंटरनेट फोन कंपन्या चालतात, आणि त्याच्या फ्रीपीबीएक्स नावाच्या तयार मांडणीत स्टार ९७ म्हणजे माझी पेटी उघड आणि स्टार ९८ म्हणजे कुठली पेटी उघडायची ते विचार. फरक बारीक आहे पण तुमच्या पासवर्ड चुकीचा याचं कारण तोच असू शकतो. स्टार ९७ केलं तर बाई थेट पासवर्ड मागते. स्टार ९८ केलं तर आधी पेटीचा नंबर मागते, म्हणजे एक्स्टेन्शन किंवा तुमचा फोन नंबर, आणि त्याच्यानंतर पासवर्ड. इंग्लिश पटकन कळलं नाही तर माणूस पहिल्याच प्रश्नाला पासवर्ड टाकतो, मग दुसऱ्या प्रश्नाला परत तोच टाकतो, आणि ती म्हणते चुकीचा. तुमची कंपनी ॲस्टरिस्कवर आहे की नाही हे मला इथून दिसत नाही, म्हणून कंपनीला सरळ विचारा की व्हॉइसमेल ऐकायचा कोड काय, आणि तो आधी पेटीचा नंबर मागतो का थेट पासवर्ड. दोन्ही गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको.

कोड बरोबर असून काहीच होत नसेल, म्हणजे दाबलं आणि नुसती बीप-बीप किंवा शांतता, तर डब्याच्या आतल्या पानावर (राउटरचं असतं तसं ब्राउझरमध्ये उघडणारं सेटिंगचं पान) दोन जागा बघाव्या लागतात. एक म्हणजे कॉल फीचर्स चालू आहेत का. ते चालू असलं की डबा स्टारवाले कोड स्वतःसाठी राखून ठेवतो. आणि दुसरी डायल प्लॅन, म्हणजे कुठले आकडे कंपनीकडे जाऊ द्यायचे याचा नियम. तिथे स्टारने सुरू होणाऱ्या नंबरांना जागाच नसेल तर कोड दारातच अडतो. कॉल फीचर्स बंद केलं की सगळे स्टार कोड कंपनीकडे जायला लागतात आणि मग कंपनीचेच कोड चालतात, डब्याचे नाही. माझं मत विचाराल तर म्हाताऱ्या माणसांच्या घरी डब्याचे कोड बंदच असावेत. सेटिंगची एकच जागा राहते, कंपनीची, आणि ती तुम्ही पुण्यातून ॲपवर बघू शकता. पण क्रम सांभाळा, आधी स्टार ७३ करून डब्यातलं फॉरवर्डिंग काढा आणि मगच कॉल फीचर्स बंद करा, नाहीतर आत अडकलेलं फॉरवर्डिंग काढायला फोनवरून कोड उरणार नाही. आणि हे पान कंपनीने कुलूप लावून ठेवलेलं असेल तर त्यांच्याच माणसाला सांगा.

मागचं ते छोटं रिसेटचं भोक मात्र काडीने दाबू नका, कुणीही कितीही आत्मविश्वासाने सांगितलं तरी. फॅक्टरी रिसेट केलं की फॉरवर्डिंग जातं हे खरं, पण त्याच्याबरोबर फोनचं खातं, त्याचा पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता हे पण जाऊ शकतं, आणि ते तुमच्याकडे लिहिलेलं नसतं. कंपनी ते लांबून परत भरू शकली तर ठीक, नाहीतर माणूस येईपर्यंत आई-आबांचा फोन बंद. घरी दोन म्हातारी माणसं असताना फोन दोन दिवस बंद ठेवणं मला तरी चालत नाही.

पासवर्डची दुसरी बाजू अशी की कधी पासवर्ड बरोबर असतो, बटणं बरोबर दाबलेली असतात, पण पलीकडे आकडे बरोबर पोचत नाहीत. बटणाचा जो आवाज येतो तो दोन सुरांचा असतो, उदाहरणार्थ १ चा आकडा म्हणजे ६९७ आणि १२०९ हर्ट्झ एकदम. तांब्याच्या लाईनवर हा आवाज जसाच्या तसा एक्स्चेंजला जायचा. इंटरनेट फोनवर तो तीन वाटांनी जाऊ शकतो : आवाजात मिसळून, आवाजाच्याच प्रवाहात पण वेगळ्या पुडक्यात (सेटिंगमध्ये याला आरएफसी २८३३ म्हणतात), किंवा एसआयपी इन्फो नावाच्या निरोपातून. डबा आणि कंपनी यांची वाट एकच नसेल तर घोटाळा. आवाज खूप दाबून पाठवणारा कोडेक (आवाज इंटरनेटवर पाठवायची पद्धत) असेल, जी ७२९ हा ८ केबीपीएसचा आहे तसा, तर आवाजात मिसळलेले सूर विरतात आणि आकडे गळतात. आणि दोन वाटांनी एकदम गेले तर एक आकडा दोनदा पोचतो, १२३४ चं ११२२३३४४ होतं. यावर उपाय डब्यात आरएफसी २८३३ पहिलं ठेवणं आणि कोडेकमध्ये पीसीएमए वर आणणं, ते जी ७११ चं ए-लॉ रूप आहे, आपल्याकडे तेच चालतं, त्याला ६४ केबीपीएस लागतात आणि फायबरवर ते काहीच नाही. तपासायला घरच्या फोनवरून असा कुठलाही ऑटोमॅटिक नंबर लावा जो तुम्ही दाबलेले आकडे परत वाचून दाखवतो. तिथे आकडे बरोबर वाचले गेले तर बटणांत दोष नाही, पासवर्डच चुकतोय.

आबांचा फोन जुना आहे म्हणता तर तो उलटा करून बघायला सांगा. खाली किंवा बाजूला एक छोटा सरकता खटका असतो, त्याच्यावर पी आणि टी लिहिलेलं असतं. पी म्हणजे पल्स, जुन्या फिरत्या डायलसारखं कटकट करत नंबर पाठवणं. काही डबे पल्स समजून घेतात, त्यामुळे साधे नंबर लागतात आणि कुणाला शंका येत नाही, पण पल्समध्ये स्टार आणि हॅशला काही अर्थच नसतो, आणि कॉल लागल्यावर दाबलेले आकडे समोरच्या मशीनला कळत नाहीत. खटका टी वर सरकवला की झालं. पारोळ्याकडे एका घरी लोकांनी डबा बदलला, वायर बदलली, आणि शेवटी त्या फोनचा खटका झाडताना सरकलेला निघाला. त्यावर धूळ बसून अक्षरं दिसत नव्हती, बोटाने पुसलं तेव्हा पी दिसला.

आता आई गच्चीवरून खाली येईपर्यंत कॉल निघून जातो, हा मला तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, कोड-बिड नंतर. उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत घातलेले असतात, आई जिना उतरून येणार, गुडघे दुखतात, तिला पाऊण मिनिट तरी पाहिजे. भावाने सेट करताना म्हटलं असेल चार रिंग पुरेत. त्याचं तिकडच्या हिशोबाने बरोबर आहे, अमेरिकेत रिंगचा टोन २ सेकंद वाजतो आणि ४ सेकंद थांबतो, म्हणजे चार रिंगा म्हणजे २४ सेकंद. आपल्याकडची ट्रिंगट्रिंग तीन सेकंदात एकदा येते, म्हणजे चार रिंगा म्हणजे फक्त १२ सेकंद. शिवाय डब्यात रिंगची पद्धत अमेरिकन ठेवलेली असली तर घरात एक ऐकू येतं आणि कॉल करणाऱ्याला दुसरं. म्हणून रिंगा मोजायच्याच नाहीत, सेकंद मोजायचे. घड्याळ लावून बघा कितव्या सेकंदाला बाई येते.

ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलंय की कॉल न उचलला न कापला तर मोबाईल ३० सेकंद आणि लँडलाईन ६० सेकंद वाजली पाहिजे. म्हणजे घरच्या फोनला मुळात मिनिटभर वाजायची मुभा आहे, तुम्हीच व्हॉइसमेल मधे घालून ती कापलीय. कंपनीला सांगा व्हॉइसमेल ४५ सेकंदांनंतर लावा. आणि घरी नाही उचललं तर भुसावळला जावं, तिथे नाही उचललं तर मेसेज, अशी साखळी पाहिजे असेल तर मामेभावाच्या मोबाईलवर त्याचं स्वतःचं फॉरवर्डिंग किंवा व्हॉइसमेल नको. त्याचा फोन बंद असला की त्याची पेटी कॉल लगेच उचलते, तुमच्या कंपनीला वाटतं माणसाने उचलला, आणि पाचोऱ्याचा निरोप भुसावळच्या मोबाईलच्या पेटीत जाऊन पडतो जी कुणी उघडत नाही. सगळ्या फोनांवर एकदम रिंग ही सोय लावली असली तरी हेच होतं, सगळ्यात आधी जो उचलेल त्याचा कॉल. फॉरवर्डचा नंबर टाकताना लँडलाईनवरून मोबाईलला १५ जानेवारी २०२१ पासून आधी ० लागतो हे पण विसरू नका, आणि लँडलाईनवर वळवायचं असेल तर एसटीडी कोडसकट, म्हणजे जळगावचा ०२५७, धुळ्याचा ०२५६२. कंपनी +९१ मागत असेल तर मग ० नाही.

रिंग किती वाजली यावरून बरंच कळतं, हे ऐकायची सवय लावा. एकही रिंग न वाजता बाई आली तर तीनपैकी एक : डबा ऑफलाईन, सगळे कॉल वळवलेले, किंवा डू नॉट डिस्टर्ब. काही सेकंद वाजून आली तर न उचलल्याचं फॉरवर्डिंग. बाहेरून करणाऱ्याला रिंग ऐकू येते पण घरात वाजतच नाही, तर अडॅप्टर ते फोन ही वायर बघा, आणि विशेष करून हे बघा की जुन्या तांब्याच्या लाईनची घरातली वायरिंग वापरली आहे का. भिंतीतली वायर वापरली असेल तर बाहेरून आलेली जुनी जोडी रोझेटमधून (भिंतीवरची फोनची छोटी डबी) सोडवलेली पाहिजे, नाहीतर अडॅप्टर रस्त्यावरच्या मेलेल्या केबलला पण रिंग देत बसतो, आणि कधी त्या केबलमध्ये व्होल्टेज असलं तर डबाच जळतो.

एक दुखणं असं आहे की घरून फोन लागतो नेहमी, पण बाहेरून येणारा कधी येतो कधी थेट व्हॉइसमेलला जातो. आबांनी कुणाला फोन केला की त्यानंतर थोडा वेळ येणारे पण नीट येतात, मग परत बंद. हे दिसलं तर राउटरकडे बघा. राउटर बाहेरून आत यायची वाट थोडाच वेळ उघडी ठेवतो, काही राउटर अर्ध्या मिनिटात बंद करतात, आणि डब्याने मधूनमधून काही पाठवलं नाही तर सर्व्हरची हाक दाराबाहेरच राहते. डब्यात कीप-अलाइव्ह २० सेकंदांवर ठेवायला सांगा. राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची मदतनीस सोय असते ती बंद करा, ती पत्ते दुरुस्त करायला जाते आणि बरेचदा बिघडवते, एकाला ऐकू येतं दुसऱ्याला नाही हा प्रकार पण तिच्यामुळे होतो. पण हे फक्त तुमच्यासारख्या वेगळ्या अडॅप्टरला. फायबरच्या डब्यातूनच थेट फोन निघत असेल तर त्याचा आवाज कंपनी सहसा वेगळ्या वाटेने नेते, तिथे एएलजीशी काही संबंध नाही, आणि लोक उगाच तासन्तास राउटरची पानं उघडून बसतात.

आणि लाईट. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, गावात लाईट नसली तरी फोन चालायचा. आता घरची लाईट गेली की फायबरचा डबा, राउटर, अडॅप्टर तिन्ही झोपतात आणि सगळे कॉल व्हॉइसमेलला. दुपारी ठराविक वेळी कॉल जात नाहीत असं असेल तर आधी लोडशेडिंगचं वेळापत्रक बघा. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस लावा, पण प्रत्येक डब्याच्या मागे किती व्होल्ट लिहिलंय ते वाचून, फायबरचा डबा १२ चा आणि अडॅप्टर ५ चा असं असू शकतं आणि उलटी पिन लावली तर गेला. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर जातं आणि या डब्यांची कामाची मर्यादा बहुतेक ४० अंशांची असते, तर पत्र्याखाली किंवा बंद शोकेसमध्ये ठेवू नका, खाली थंड भिंतीला मोकळं लावा.

पासवर्डबद्दल एक गोष्ट काळजीने सांगतो. कंपनीने दिलेला पहिला पासवर्ड, बहुतेक १२३४ किंवा फोनचे शेवटचे चार आकडे, तसाच ठेवू नका. ब्रिटनमध्ये २०११ साली १६८ वर्षं जुनं एक वृत्तपत्र बंद पडलं ते लोकांच्या व्हॉइसमेल पेट्या चोरून ऐकल्याच्या प्रकरणात, आणि कितीतरी पेट्यांना कंपनीचा मूळचाच पासवर्ड होता. आजचा धोका वेगळा आहे : व्हॉट्सॲपसारखी ॲप्स पडताळणीचा आकडा फोन करून पण सांगतात, तो कॉल तुम्ही उचलला नाही आणि पेटीत पडला, आणि पेटीचा पासवर्ड १२३४, तर आकडा चोराच्या हातात. म्हणून आई-आबांना हे सांगून ठेवा की मी कुरियरवाला बोलतो, मी फोन कंपनीतून बोलतो, हा स्टार ४०१ वाला कोड दाबा, असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्यायचा. त्या कोडने मोबाईलचे सगळे कॉल चोराकडे वळायचे, म्हणून तर दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून तशा यूएसएसडी कोडने होणारं फॉरवर्डिंग बंद करायला लावलं. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच, उशीर करू नका.

ती इंग्लिश बाई पण काढून टाका. नात्यातली माणसं तिचा आवाज ऐकून फोन ठेवून देतात, त्यांना वाटतं नंबर चुकला. आबांच्या आवाजात रेकॉर्ड करा, आम्ही घरात मागे आहोत, नाव सांगा, आम्ही फोन करतो, एवढंच, आणि घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच करा. ॲस्टरिस्कवाल्या पेटीत शिरल्यावर ० आणि मग १ दाबलं की उचललं नाही तेव्हाचा निरोप रेकॉर्ड होतो, आणि ० मग ५ ने पासवर्ड बदलतो. दुसऱ्या सिस्टिममध्ये आकडे वेगळे असतील, मेनू पूर्ण ऐका.

आणि सगळ्यात उपयोगी सोय अशी की बऱ्याच कंपन्या मेसेजची ऑडिओ फाईल ईमेलवर पाठवतात. ती तुमच्या ईमेलवर चालू करून घ्या. आबांना कोड पाठ करायला लावायची गरजच राहत नाही, मेसेज तुम्ही पुण्यात ऐका आणि त्यांना फोन करून सांगा. फोन उचलल्यावर टोन तुटक-तुटक आला तर नवीन मेसेज आहे एवढं मात्र त्यांना शिकवून ठेवा, नाहीतर ते त्यालाच लाईन खराब समजतील.

कंपनीला फोन कराल तेव्हा नुसतं कॉल येत नाही असं सांगू नका, ते डबा बंद-चालू करा म्हणतील आणि तक्रार संपवतील. सांगा की अडॅप्टर काढल्यावर अमुक होतं, लावल्यावर तमुक होतं, इतक्या सेकंदांनी व्हॉइसमेल येतं, आणि माझ्या नंबरवर सर्व्हरच्या बाजूने सगळे कॉल, बिझी, न उचललेले आणि ऑफलाईन या चारही प्रकारांचं फॉरवर्डिंग एकेक वाचून दाखवा. तक्रारीचा नंबर घ्या. आधी ती पिन काढायची परीक्षा करून बघा आणि कॉल कुठे गेला, किती सेकंद शांतता होती, डब्याच्या खाली नेमकं मॉडेल काय लिहिलंय हे कळवा, मग डब्याच्या आतल्या पानावर कुठे काय बदलायचं ते मी तुम्हाला ओळीने लिहून देतो.